मऊ प्लास्टिक आणि उतावळा हात

वार्षिक स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेतली की आपली दृष्टी सहसा मोठ्या विषयांकडे वळते. करपद्धती, बाजाराचे चढउतार, व्याजाचे दर, पुढील पिढीचे शिक्षण हे विषय महत्त्वाचे आहेतच, आणि त्यांवर अधिकारी व्यक्ती लिहितीलही. आम्ही मात्र येथे चार बोटे रुंदीच्या एका पट्टीविषयी लिहिणार आहोत. मोटारीच्या पुढच्या व मागच्या दाराच्या मध्ये, काचांच्या लगत जी काळी चकचकीत प्लास्टिकची पट्टी असते, तीच ही पट्टी. तिच्यावरील ओरखडे कसे काढावेत आणि कधी तिला हातच लावू नये, हा प्रश्न वरकरणी क्षुद्र वाटेल. परंतु मोटारसाहित्याची दुकाने व धुलाई केंद्रे चालविणाऱ्या आणि आता 'डिटेलिंग' नामक नव्या धंद्यात आपल्या मुलांना घालू पाहणाऱ्या सभासद बंधूंना हे ठाऊक आहे की, गिऱ्हाइकाशी होणारी बाचाबाची बहुधा अशा लहान पट्टीवरूनच होते. आणि त्या बाचाबाचीचा भुर्दंड पुष्कळदा सर्वांत कमी पगाराच्या पोराच्या माथी बसतो.

आमचे मत आम्ही आरंभीच स्पष्ट करतो. मऊ प्लास्टिकच्या कामात नवशिक्याच्या हातून जे नुकसान होते, त्याचा मोठा वाटा त्याच्या हाती यंत्र देणाऱ्या मालकाचा आणि बाटली विकणाऱ्या दुकानदाराचा असतो. हे मत काहींना कडवट वाटेल. म्हणून ते केवळ उपदेशाच्या आधारावर न मांडता कामाचे स्वरूप सांगून मांडावे, असे आम्ही योजिले आहे.

ज्यांचे केस आज पांढरे झाले आहेत, त्यांस जुनी अँबॅसडर आठवत असेल. १९५७ साली सुरू झालेले तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. तिचा बंपर लोखंडाचा, त्यावर क्रोमचा मुलामा. त्या काळी चकाकी म्हणजे घासणे, हे समीकरण घट्ट होते. घरात चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी घासावीत, दुकानात पॉलिश लावून तराजूची पारडी घासावीत आणि गाडीचा बंपरही त्याच मनगटाने घासावा. धातू हे घासणे सोशीत असे. पुढे मोटारीचे अंग बदलले. १९५३ साली जर्मनीतील बायर व अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या दोन कंपन्यांच्या संशोधकांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक गवसले; त्याच दशकात एबीएस आणि पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिकेही व्यवहारात येऊ लागली. आज बंपर, दिव्यांच्या काचा, आरशांची आवरणे, खांबांवरील पट्ट्या, आतील फलक हे सारे याच कुळातले. गाडीचे अंग बदलले, परंतु घासणारे मनगट मात्र जुनेच राहिले. आपल्या विषयाचे मूळ येथे आहे.

प्रथम या पट्टीला ओरखडे का पडतात ते पाहू. बहुतेक गिऱ्हाइके समजतात की कोणीतरी किल्लीने किंवा खोडसाळपणाने चरे काढले असावेत. वस्तुस्थिती अशी की, बहुतांश चरे रोजच्या पुसण्यातून पडतात. रस्त्यावरील धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्‌स यांच्या श्रेणीत गारगोटीचा अंक ७ आहे. चाकूचे पोलाद साडेपाचाच्या आसपास येते, तेव्हा बिचाऱ्या प्लास्टिकची काय कथा! बेळगावाहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यास जाऊन आलेली किंवा खानापूरकडील तांबड्या मातीतून फिरून आलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने झटकली की, त्या फडक्याचा काही क्षणांत पॉलिशकागद होतो. रंगीत पत्र्यावर हे चरे एकदम दिसत नाहीत. काळ्याभोर, आरशासारख्या पृष्ठभागावर मात्र उन्हाची तिरीप येताच कोळ्याच्या जाळ्यासारखे सगळे उमटून दिसतात. व्यवहारात या पृष्ठभागाला 'पियानो ब्लॅक' म्हणतात. तो दिसावयास राजबिंडा आणि सांभाळावयास नाजूक असतो.

आता यंत्राचा प्रश्न. गाडीच्या पत्र्यावर पॉलिशचे चक्र फिरते तेव्हा घर्षणाने उष्णता निर्माण होते. लोखंडी पत्रा ती उष्णता आजूबाजूस पसरवून टाकतो. प्लास्टिकच्या दोनशे पटींहून अधिक सहजतेने तो ती वाहून नेतो. प्लास्टिकमध्ये मात्र उष्णता जिथल्या तिथे साचते. एबीएस हे प्लास्टिक शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात उभी असलेली काळी पट्टी आधीच हाताला चटका देत असते. तिच्यावर वेगाने फिरणारे चक्र एकाच जागी क्षणभर जास्त रेंगाळले की पृष्ठभाग दुधाळ होतो, त्यावर लाट उमटते किंवा कडेचे रूप बिघडते. ओरखडा पडलेली पट्टी निदान पुन्हा उजळण्याची आशा तरी असते. वितळलेली पट्टी बदलावीच लागते.

याहून एक अडचण अशी की, त्यात मोजून पाहण्याची सोय नाही. काही पट्ट्यांवर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लेप असतो, तर काहींवर मुळीच नसतो. रंग प्लास्टिकच्या अंगातच मुरलेला असतो. पत्र्यावरील पारदर्शक लेप सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. पत्र्यावर किती जाडी उरली हे मापक लावून पाहता येते. परंतु कारागिरांजवळ असणारी नेहमीची मापके चुंबकीय किंवा विद्युत् तत्त्वावर चालणारी असल्याने ती धातूवरच चालतात. प्लास्टिकवरील लेप मोजावयाचा तर ध्वनिलहरींवर चालणारे महागडे उपकरण हवे, आणि ते सामान्य दुकानात नसते. म्हणजे नवशिक्याचे हे काम अंधारातले आहे. अंधारात माणूस पाय जपून टाकतो, तसाच येथे हात जपून टाकला पाहिजे.

यावरून या कामाचा एकच मुख्य नियम निघतो: जो उपाय सर्वांत सौम्य, तो सर्वांत आधी, आणि त्याने काम भागले तर तेथेच थांबावे. बाकीचे सारे नियम या एका नियमाची पोटकलमे होत. तथापि नवशिक्यास नुसते सूत्र सांगून भागत नाही, त्याला क्रम हवा असतो. म्हणून तो क्रम येथे देतो.

गाडी सावलीत घ्यावी आणि पट्टी हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. मग भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी. हात लावण्याची वेळ त्यानंतरची. सौम्य शांपूच्या पाण्यात भिजविलेल्या मऊ हातमोज्याने, दाब न देता, एका दिशेने धुवावे. गोल गोल फिरविण्याची सवय येथे सोडावी. धुऊन झाल्यावर फडके घासू नये. ते पट्टीवर ठेवून पाणी टिपून घ्यावे. पुष्कळदा ज्याला आपण ओरखडा समजतो तो पाण्याचा डाग किंवा जुन्या मेणाचा थर असतो आणि तो एवढ्यानेच निघून जातो. येथे काम संपले तर नवशिक्याने त्यात कमीपणा मानू नये. ते सर्वांत चांगले काम झाले असे समजावे.

यानंतर परीक्षा. दिव्याच्या तिरप्या उजेडात चरे पाहावेत आणि त्यांवरून नख हळूच फिरवावे. नख अडकले तर चरा खोल आहे. तो घालविण्याच्या नादास नवशिक्याने लागू नये. नख अडकत नसेल तर पुढे जावे. आजूबाजूचे रबर, काचेची कड व पट्टीचे काठ मास्किंग टेपने झाकावेत. काठांवर लेप सर्वांत पातळ असतो आणि चक्राचा दाब तेथे सर्वांत अधिक येतो, म्हणून हे झाकणे कधीही टाळू नये. मग खालच्या कोपऱ्यात, नजरेस सहसा न पडणारी दोन बोटांएवढी जागा निवडून तेवढ्यावरच प्रयोग करावा. मऊ फोमच्या तुकड्यावर अतिशय बारीक कणांचे, ज्यास फिनिशिंग पॉलिश म्हणतात ते, मुगाच्या दाण्याएवढे घ्यावे आणि हाताने, हलक्या दाबाने फिरवावे. पुसून पाहावे. सुधारणा झाली तर हातानेच पूर्ण पट्टी करावी. सुधारणा झाली नाही किंवा उलट धूसरपणा आला, तर थांबून विचार करावा.

हाताने भागले नाही तरच यंत्र. तेही एकाच आसाभोवती गरगर फिरणारे रोटरी यंत्र नव्हे. ज्यातील चक्र फिरता फिरता डोलतेही, ते ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र नवशिक्यास योग्य. त्यावर दाब वाढला की चक्राचे फिरणे मंदावते, म्हणजे चुकणाऱ्या हाताला ते काही प्रमाणात स्वतःच आवरते. चक्र लहान असावे, एक ते तीन इंचांचे. फोम सर्वांत मऊ. वेग सहा आकड्यांपैकी दुसऱ्या-तिसऱ्यावर. चक्र पट्टीवर टेकवून मगच यंत्र सुरू करावे आणि थांबल्यावरच उचलावे. दोन-तीन सावकाश फेऱ्या, मग थांबणे. हाताची पालथी बाजू लावून ऊब पाहणे. कोमट लागली तरी विसावा देणे. पॉलिश वाळू देऊ नये. मऊ प्लास्टिकवर ते चिकटते आणि मग ते काढताना पुन्हा चरे पडतात. चिकटलेच तर पाण्याचा किंवा सौम्य डिटेलिंग द्रवाचा बारीक फवारा मारून स्वच्छ मायक्रोफायबरच्या फडक्याने उचलून घ्यावे.

फडक्याविषयी दोन शब्द अधिक सांगणे अवश्य आहे, कारण अर्धे यश फडक्यात असते. बनियनच्या चिंध्या, गोणपाटाचा तुकडा, दुकानात गल्ला पुसण्याचे पिवळे फडके, यांपैकी काहीही या पट्टीजवळ येऊ देऊ नये. काठाला जाड शिवण नसलेले, चौरस मीटरला ३०० ते ५०० ग्रॅम वजनाचे मायक्रोफायबर घ्यावे आणि नव्यावरील कागदी वा प्लास्टिकची चिठ्ठी काढून टाकावी. चाकांचे फडके, रंगाचे फडके आणि या पट्टीचे फडके तीन वेगळ्या रंगांचे ठेवावेत म्हणजे गफलत होत नाही. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये, मग ते कितीही स्वच्छ दिसो. धुताना कपडे मऊ करणारा द्रव घालू नये, कारण त्याचा थर तंतूंवर बसून फडक्याची शोषणशक्ती जाते. हे सारे स्वयंपाकघरातील शिस्तीसारखे आहे. दुधाच्या पातेल्याला फोडणीचा डाव लागू नये म्हणून घरातील स्त्रिया जेवढे जपतात, तेवढेच जपावयाचे.

काही जागी तर पॉलिशच वर्ज्य आहे, आणि नवशिक्याला हे आधी सांगावयास हवे. बंपरचा खालचा भाग, चाकांवरील कमानी यांचे खरबरीत काळे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचे असते. त्यावर पॉलिश घासले की दाण्यांत पांढरा खर भरून बसतो, आणि यंत्र चालविले की खरबरीतपणा झिजून तेथे तेलकट चकाकीचा एक कुरूप डाग कायमचा राहतो. अशा भागास फक्त धुणे आणि त्याच्यासाठी असलेला लेप लावणे एवढेच योग्य. गाडीच्या आत हाताला मखमलीसारखे लागणारे फलक असतात. त्यांवरचा तो मऊ थर पॉलिशने निघून येतो. पडद्यावर झगमगाट रोखणारा लेप असतो, त्यालाही पॉलिश लावू नये. दिव्यांच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या असून त्यांवर कारखान्यात कठीण लेप दिलेला असतो. त्या घासून स्वच्छ करता येतात, परंतु घासताना तो लेपही जातो. नंतर सूर्यकिरणांपासून रक्षण करणारा नवा लेप न दिल्यास काही महिन्यांतच पिवळेपणा परत येतो. ते वेगळे काम आहे, वेगळ्या शिक्षणाचे आहे.

आणि थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांचे नावही काढू नये. डाग निघतो, पण अशा तीव्र द्रावकांनी प्लास्टिकच्या अंगात बारीक भेगांचे जाळे पडते किंवा पृष्ठभाग विरघळतो. आपल्याकडील काही धुलाई केंद्रांत गाडी 'चमकविण्यासाठी' डिझेल किंवा रॉकेल मारण्याची जी चाल आहे, तिचाही आम्ही येथे स्पष्ट निषेध करतो. त्या चकाकीचे आयुष्य दोन दिवसांचे. त्यानंतर त्या तेलकटपणावर धूळ अधिक चिकटते, रबर फुगते, आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ पुन्हा चरे पाडते.

कामाचे स्वरूप येथवर सांगितले. आता मूळ मुद्द्याकडे येतो. वरील क्रमातील कोणतीही गोष्ट अवघड नाही. सातवी शिकलेला मुलगाही ती एका महिन्यात आत्मसात करील. मग नुकसान का होते? याचे कारण शिकविण्याच्या जागी आपण विकणे ठेवले आहे. दुकानात एखादा होतकरू तरुण येतो, नवा धंदा करावयाचा म्हणतो. त्याला आपण एक संच काढून देतो: रोटरी यंत्र, कारण ते स्वस्त, कटिंग कंपाउंड, कारण ते लवकर कापते, फडकी डझनाने, आणि वर टायर चमकविण्याची बाटली. बिल चांगले होते. त्या संचातील कंपाउंडमध्ये रंगातील खोल चरे कापण्याइतके जाड कण आहेत आणि मऊ प्लास्टिकवर ते नवे चरे पाडतील, हे सांगण्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आपण देत नाही. धान्याच्या पेढीवर बसणारे आपले वाडवडील गिऱ्हाइकाला विचारीत, "हे बियाणे कोणत्या जमिनीत पेरणार?" आजच्या दुकानदाराने एवढेच विचारावे, "हे कशावर लावणार?" या एका प्रश्नाने पुष्कळ पट्ट्या वाचतील.

धुलाई केंद्राच्या मालकांविषयीही आम्हांस असेच म्हणावयाचे आहे. नवा मुलगा कामावर आला की पहिल्या आठवड्यातच त्याच्या हाती यंत्र दिले जाते, तेही गिऱ्हाइकाच्या गाडीवर. सोनाराच्या दुकानातील शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी कोणी सोन्याला हात लावू देत नाही; तो आधी तांब्याच्या तारेवर हात बसवितो. मोटारींच्या बाबतीत तांब्याची तार सहज मिळण्याजोगी आहे. अपघातग्रस्त गाड्यांचे सुटे भाग भंगारवाल्याकडे पडून असतात. त्यांतील चार-सहा काळ्या पट्ट्या, एखादे आरशाचे आवरण, एखादा खरबरीत बंपरचा तुकडा अल्प किमतीत आणून भिंतीवर ठोकावा. मुलाने त्यावर चरे पाडावेत, काढावेत, मुद्दाम एक पट्टी तापवून बिघडवावी, म्हणजे किती ऊब ही शेवटची ऊब हे त्याच्या हाताला कळेल. जोवर भंगारातील तीन पट्ट्या लागोपाठ निर्दोष होत नाहीत, तोवर गिऱ्हाइकाच्या गाडीवर यंत्र नाही, असा नियम करावा. बिघडवून शिकण्याची जागा दुकानानेच उपलब्ध करून दिली पाहिजे. ती दिली नाही तर मुलगा गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकतो.

यातूनच सर्वांत गंभीर गोष्ट उद्भवते. पट्टी बिघडली की नव्या पट्टीची किंमत मुलाच्या पगारातून कापून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ज्याला महिनाभर बादल्या उचलून जे मिळते, त्यातून ही रक्कम गेली की घरी काय उरते, याचा विचार ती कापणाऱ्याने क्षणभर तरी करावा. कायद्याच्या दृष्टीनेही ही कपात वाटेल तशी करता येत नाही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने असे ठरविले होते की, नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल तरच, नुकसानीच्या रकमेपुरतीच आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावरच कपात करावी. संसदेने २०१९ मध्ये संमत केलेल्या वेतन संहितेतही हेच तत्त्व राखले आहे. पण आम्ही कायद्यापेक्षा न्यायाची गोष्ट करीत आहोत. ज्याला शिकविलेच नाही त्याची हयगय कशी म्हणावी? यंत्र मालकाने दिले, वेळेची घाई मालकाने लावली, पॉलिश मालकाने निवडले, आणि तोटा तेवढा मुलाचा, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणारा नाही. शिवाय याचा दुसरा परिणाम असा की, पगार कापला जाईल या भीतीने मुले चूक लपवू लागतात. बिघडलेल्या जागेवर तेलकट लेप फासून गाडी परत केली जाते. दोन पाऊस झाले की लेप उतरतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहते. त्या वेळी पट्टीच्या किमतीहून पुष्कळ मोठी रक्कम, म्हणजे दुकानाची पत, गेलेली असते.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, "तुमचे सारे खरे, पण गिऱ्हाइकाला तासाभरात चकाकी हवी असते. आम्ही नाही म्हटले तर तो पुढच्या दुकानात जातो." ही अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. महामार्गालगत हुबळीपासून निपाणीपर्यंत अशी दुकाने वाढत चालली आहेत आणि चुरस मोठी आहे. तरीही आमचे उत्तर असे की, गिऱ्हाइकाला 'नाही' ऐकण्याचा राग येत नाही, फसविले गेल्याचा येतो. काम घेण्यापूर्वी गाडी त्याच्यासमोर पाहावी, जुने चरे त्याला दाखवावेत, छायाचित्र काढून ठेवावे आणि स्वच्छ शब्दांत सांगावे: "एवढे निघेल, एवढे कमी होईल, हे राहील, राहिलेल्याच्या मागे लागलो तर पट्टी जाईल." अशा रीतीने सांगितलेल्या कामात रुपयात दहा आणे सुधारणा झाली तरी गिऱ्हाईक समाधानाने जाते. 'नवीसारखी करून देतो' असे सांगून चौदा आणे सुधारणा केली तरी ते उरलेल्या दोन आण्यांवर बोट ठेवते.

यात व्यापारही आहे, हेही विसरू नये. उजळलेली पट्टी पुन्हा त्याच धुळीला सामोरी जाणार असते. तिच्यावर पारदर्शक संरक्षक फिल्म बसविणे हा आज सर्वांत शहाणपणाचा उपाय आहे; बारीक चरे त्या फिल्मवर पडतात, पट्टीवर नव्हे. पट्टी फारच बिघडलेली असेल तर चकचकीत काळी चिकटफिल्म लावून ती झाकता येते, आणि तीही परवडत नसेल तर सरळ नवी पट्टी घ्यावी. हे तिन्ही पर्याय दुकानदाराला मिळकत देणारेच आहेत. म्हणजे घासण्यास नकार देणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो असे नाही. तो त्याला योग्य मालाकडे नेतो. आणि घरी गाडी कशी पुसावी हे त्याला सांगून, दोन चांगली फडकी देऊन पाठविले, तर ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही आपल्याकडेच येईल.

आमच्या सूचना थोड्या व करण्याजोग्या आहेत. मोटारसाहित्य विकणाऱ्या प्रत्येक सभासदाने कंपाउंडच्या फळीवर मराठीत व कन्नडमध्ये एक ओळ लिहून लावावी, की हे मऊ प्लास्टिकसाठी नाही. धुलाई केंद्र चालविणाऱ्या प्रत्येकाने भंगारातील पट्ट्यांची एक शिकवणीची भिंत उभारावी. संघाने वर्षातून एक रविवार या कामासाठी ठेवावा. जाणता कारागीर बोलवावा आणि सभासदांच्या दुकानांतील मुलांना पगारी सुट्टी देऊन तेथे पाठवावे. मालकांनीही त्यांच्याबरोबर बसून एकदा स्वतः यंत्र हाती धरून पाहावे. पट्टी किती लवकर तापते हे ज्याच्या हाताला एकदा कळले, तो मालक पुन्हा मुलाला घाई करणार नाही. आणि शिकाऊ मुलाच्या हातून झालेला पहिल्या वर्षातील तोटा दुकानाच्या खर्चात लिहावा, पगारात नव्हे. शिक्षणाचा खर्च म्हणून जमाखर्चात त्याला एक वेगळे खाते उघडले तरी हरकत नाही. ते खाते वर्षागणिक लहान होत जाईल, असा आमचा विश्वास आहे.

मऊ वस्तूशी व्यवहार करताना हात मऊ लागतो. चार बोटांच्या त्या काळ्या पट्टीच्या बाबतीत हे जितके खरे आहे, तितकेच ती पुसणाऱ्या पंधरा-वीस हजारांच्या पगारावरील मुलाच्या बाबतीतही खरे आहे. पट्टी बदलून मिळते. धास्तावून धंदा सोडून गेलेला हुशार मुलगा बदलून मिळत नाही. येत्या हंगामात, पहिली चिखलाने माखलेली गाडी दारात उभी राहील तेव्हा, सभासद बंधूंनी आपल्या दुकानात आधी पाणी, मग शिकवणी आणि सर्वांत शेवटी यंत्र हा क्रम लावून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.